देव्हाऱ्यातील रोमन पाहुणी

आमच्या एका स्नेह्यांच्या देव्हाऱ्यात कडी लावलेले एक रुप्याचे नाणे आहे. घराणे मूळचे तेरचे. पाच पिढ्यांपूर्वी चाकरीनिमित्त हैदराबादेत आले. नाण्यावर बसलेली स्त्री म्हणून ती लक्ष्मी, आणि दिवाळीत तिला हळदकुंकू वाहायचे, असा शिरस्ता. यंदा धाकट्या चिरंजिवांनी कडी तोडून, चिंचेने उजळून, नाणे विकायचा बेत केला. तेव्हा वडिलांनी ते आधी आम्हांस दाखविले.

आकार जुन्या पावलीएवढा, वजन कडीसह चार ग्रॅमच्या आसपास. भिंगाखाली एका बाजूस पानांचा मुकुट ल्यालेले मस्तक दिसले. कडेची अक्षरे रोमन. पण शब्द आखडलेले, शिवाय ‘यू’च्या जागी ‘व्ही’. इंग्रजी समजून वाचणारा इथेच फसतो. ‘टीआय सीझर’ एवढे लागले आणि कोडे सुटले: सम्राट टायबेरियस, इ. स. 14 ते 37. मागे ‘पाँटिफ मॅक्झिम’, म्हणजे महापुरोहित. ही पदवी सम्राटाची, बाईची नव्हे. हाती फांदी व दंड घेतलेली ती बाई त्याची आई लिव्हिया असावी, असे पुष्कळ जाणकार मानतात.

हे नाणे म्हणजे डिनॅरियस. आपला ‘दीनार’ शब्द त्यावरूनच आला. हिंदुस्थानच्या व्यापारात दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात, ही प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्लीला अशी दीड हजारांवर नाणी एकत्र मिळाली. तेर म्हणजे तर प्राचीन तगर. तेथील माल पैठणावरून भडोचला जाई.

पुतळ्यांच्या माळेतली सोन्याची नाणीही लोक रोमन म्हणून आणतात. ती बहुधा व्हेनिसची असतात: साधूपुढे गुडघे टेकलेला पुरुष, वजन साडेतीन ग्रॅम. टायबेरियसचे सोन्याचे नाणे याच्या दुपटीहून जड भरते.

राहिली कडी. चिरंजिवांना ती खोट वाटत होती. पण कोंडापूरच्या उत्खननात रोमन नाण्यांच्या नकलेची, दोरा ओवण्याजोगी मातीची पदके निघाली आहेत. नाणे गळ्यात घालण्याची हौस तितकी जुनी. कडी काढली की नाण्याची इथली हकिकतच पुसली जाते, हे त्यांना पटले.

वहिनींची शंका निराळी: आता हळदकुंकू वाहायचे की नाही? आम्ही म्हटले, अवश्य वाहा. मात्र तबकात, नाण्यावर नको.