मुलीची फी माफ झाली, मग पैसे कशाला लागतात?

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टुडिओतला फोन थंड म्हणून होत नाही. पाऊस, खतं, गटाचं कर्ज हे विषय बाजूला पडतात आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "सरकारनं मुलींची फी माफ केली म्हणतात, मग कॉलेजवाले पैसे कसे मागतात?" काही जणी रागात विचारतात, काही जणी घाबरत. आज या प्रश्नाचीच नीट फोड करू. दाखल्यांची नावं येतील, तेव्हा जवळ वही-पेन असू द्या.

आधी माफी नक्की कशाची, ते बघू. 8 जुलै 2024 ला महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढला. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, म्हणजे आपण ईडब्ल्यूएस म्हणतो तो, यांतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. त्याच घटकांतल्या मुलग्यांना बहुतेक ठिकाणी अजूनही निम्मीच मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी पूर्ण फीच्या योजना त्याआधीपासून आहेत. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, शेतकी, डिप्लोमा हे सगळं या निर्णयात येतं. अनाथ मुलामुलींचाही त्यात समावेश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमच्या गावात असं लेकरू असेल तर त्याच्यापर्यंत ही माहिती पोचवा.

आता यातली मेख ऐका. माफी मिळते ती सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ज्याला सगळे कॅप राउंड म्हणतात, त्यातून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून, किंवा कॉलेजच्या पातळीवर थेट जागा घेतली, तर माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत. आणि नेमकं इथंच फसायला होतं. ऑगस्ट महिन्यात गावोगाव एजंट फिरतात. "फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा, फी सरकार भरेल" असं सांगतात. बाई, ती सीट कॅपमधली आहे का, एवढं एक वाक्य विचारा. उत्तर गोल गोल आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

एकच शिक्षण एका कॉलेजात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग का, हाही प्रश्न येतो. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. विनाअनुदानित ठिकाणी पगारापासून इमारतीपर्यंत सगळं मुलांच्या फीतून निघतं. पुष्कळदा एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, बी.एस्सी.ची एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असते. फळा तोच, फी वेगळी. अर्ज भरताना तुकडी कोणती, ते वाचून घ्या. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना आपल्या राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यानं जागा वाढल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं आली, हे खरं. पण शिक्षणाचा भार सरकारच्या खांद्यावरून आईबापांच्या खांद्यावर सरकायला तिथूनच वेग आला, असं आम्हाला वाटतं. आज सरकार जी फी भरतं, ती याच खासगी कॉलेजांची भरतं. कॉलेज सरकारनं स्वतः उघडण्याऐवजी मुलीच्या नावानं पैसे देण्याची ही पद्धत आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी किती असावी हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. 2015 च्या कायद्यानं ते आलं. मंजूर फीपेक्षा जास्त मागणं बेकायदा आहे, आणि देणगी घेण्याला तर 1987 पासून कायद्यानं बंदी आहे.

मग कॉलेज पैसे मागतं ते कशाचे? दोन प्रकार असतात. एक म्हणजे माफीत न बसणारे: विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तकं. हे पैसे मागितले तर कॉलेज चुकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे माफीतलीच फी आधी भरा, सरकारकडून आली की परत देऊ, असं सांगणं. सरकारचे पैसे उशिरा येतात, कॉलेजचं गाडं अडतं, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या उशिराचं व्याज मुलीच्या आईनं सावकाराला का भरावं? माफीला पात्र असलेल्या मुलीकडून ती फी घेऊ नये, असंच सरकारनं कॉलेजांना सांगितलेलं आहे. म्हणून खिडकीवर भांडू नका. कोणत्या नावाखाली किती रुपये, हे छापील पावतीवर किंवा पत्रावर लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की रक्कम कमी होते, असा पुष्कळ गटांचा अनुभव आहे. तरीही अडवलं तर तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालकांकडे लेखी तक्रार करा, आणि एकटी जाऊ नका, गटातल्या चौघी जा.

अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरायचा असतो. तो न भरता माफी आपोआप मिळत नाही, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरलेल्या मुली आम्हाला नेहमी भेटतात. काही योजनांचे पैसे कॉलेजच्या खात्यात जातात, काहींचे मुलीच्या. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट मुलीच्या खात्यात येतो. त्यात फीचीही रक्कम असते आणि ती लगेच कॉलेजात भरायची असते. "शिष्यवृत्ती आली" म्हणून त्यातून घराचे पत्रे बदलले, आणि मग परीक्षेचा फॉर्म अडला, असं व्हायला नको.

कागदं: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, इतर मागासवर्गाला नॉन-क्रिमीलेयर, कॅपचं जागावाटपाचं पत्र, रेशनकार्ड, आणि आधारला जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं. यात सगळ्यात वेळखाऊ ते जात वैधता प्रमाणपत्र. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी काढाव्या लागतात, आणि आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शाळेतच घातलं नाही, म्हणून सगळा शोध वडिलांकडच्या पुरुषांच्याच मागे लागतो. मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी हे काम सुरू करा. दाखले ठरलेल्या मुदतीत देणं 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं बंधनकारक आहे. अर्ज केला की पोच घ्या, त्यावर तारीख बघा.

आता खर्चाच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. फी माफीची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला 1,200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली आणि खेड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्यातून घडला. पण त्याच्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखलं होतं की पोरगं फीपेक्षा भाकरीपायी शाळा सोडतं. म्हणून त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. ते चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मुलगी तालुक्याबाहेर गेली की आजही हिशेब तिथंच येतो. राहायचं कुठं, जेवायचं काय.

यासाठीच्या योजना कमी जणींना माहीत आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीला त्यात मोठ्या शहरांत वर्षाला 60,000, इतर महापालिका शहरांत 51,000 आणि बाकी ठिकाणी 43,000 रुपये ठरवले होते. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर त्या वर्षाचं पत्रक बघा. प्रवासाचं म्हणाल तर एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. त्यापुढे विद्यार्थी सवलतीचा पास काढावा लागतो.

हे सगळं करूनही तूट राहिली, तर कर्ज. आपल्या गटातून महिना 2 टक्क्यांनी पैसे उचलले तर वर्षाला 24 टक्के पडतात. तीन महिन्यांची अडचण भागवायला ठीक, पण चार वर्षांच्या शिक्षणाला नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जात 4 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर शिकण्याची वर्षं अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. मात्र संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांसाठी. व्यवस्थापकानं "आमच्याकडं अशी स्कीम नाही" म्हटलं तर अर्ज पोर्टलवर ऑनलाइन करा, म्हणजे नकार द्यायचा झाला तरी त्याची नोंद राहते.

आणि सगळ्यांनी डिग्रीच्याच मागे धावावं असं नाही. सरकारी आयटीआयची फी कमी, जागांत मुलींसाठी 30 टक्के आरक्षण. तरी आपण पोरींना शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर या दोनच ट्रेडकडे ढकलतो. संगणक चालकाचा कोर्स एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन किंवा आरेखक दोन वर्षांचा. त्यानंतर कारखान्यात ॲप्रेंटिसशिप केली तर 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्यांना महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरलं. म्हणजे शिकताना हातात पैसे येतात, आणि घरात तिचं म्हणणं ऐकलं जाऊ लागतं. हा फायदा कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेला नसतो.

पुढच्या मंगळवारी जात वैधतेचा अर्ज कसा भरायचा ते याच वेळेला सांगू. ज्यांच्या मुली यंदा अकरावीत आहेत, त्यांनी आजोबांच्या शाळेचा दाखला सापडतो का, तेवढं तोवर घरात बघून ठेवा.