सिक्वेन्शियल काढली की गाडी पळते?

२००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली नारिंगी टोयोटा सुप्रा आणि लाल माझदा आरएक्स-७ अजूनही सोलापूरच्या नव्या पेठेत संध्याकाळी गाड्या लावून उभ्या असलेल्या पोरांच्या मोबाइलवर दिसतात. या दोन्ही गाड्यांना कारखान्यातूनच दोन-दोन टर्बो होते आणि ते सिक्वेन्शियल पद्धतीने, म्हणजे क्रमाने कामाला लागायचे. त्यावरून एक ठाम मत सगळीकडे ऐकू येतं: ‘ती भानगड काढून दोन्ही टर्बो पहिल्यापासून एकदम लावले की ताकद वाढते.’ या मतात थोडं तथ्य आहे, पण भलत्याच जागी.

आधी यंत्रणा बघू. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. आरएक्स-७ची तिसरी पिढी (एफडी) १९९१च्या अखेरीस आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. तिच्या १३०८ सीसी रोटरी इंजिनात कमी आरपीएमला जवळपास सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोकडे जातो. दुसऱ्याकडे थोडासाच सोडतात, तो नुसता फिरता राहावा म्हणून. त्याने दाबलेली हवा तोवर इंजिनात न जाता बाहेर सोडली जाते. ४,५०० आरपीएमच्या आसपास झडपा उघडतात आणि दुसराही कामाला लागतो. त्या क्षणी दाब किंचित पडतो आणि पुन्हा वर चढतो. एफडीवाले १०-८-१० म्हणतात ते हेच, आकडे पीएसआयचे.

इथे पहिला गैरसमज निकालात निघतो. दुसरा आला की पहिला बंद होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. ४,५०० नंतर दोघंही जोडीने काम करतात, थेट ८,००० पर्यंत. म्हणजे वरच्या आरपीएमला सिक्वेन्शियल गाडी आणि नॉन-सिक्वेन्शियल गाडी जवळपास एकच. त्यामुळे नुसत्या बदलाने सर्वोच्च हॉर्सपॉवर वाढण्याचं काही कारणच उरत नाही. ज्यांच्या गाडीत ती वाढते, त्यांनी सोबत मोकळा सायलेन्सर, मोठा इंटरकूलर आणि नवं ईसीयू ट्यूनिंगही केलेलं असतं, आणि श्रेय मात्र टर्बोच्या जोडणीला मिळतं.

फरक पडतो तो खाली. नॉन-सिक्वेन्शियल केल्यावर तेवढाच एक्झॉस्ट पहिल्यापासून दोन टर्बाइनांत वाटला जातो. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको: नळाला आधीच बारीक धार, त्यात दोन तोट्या उघडल्या तर बादली एकाही तोटीखाली वेळेत भरत नाही. मूळ एफडीत २,५०० ते ३,००० आरपीएमला मिळणारा दाब आता ३,५०० किंवा त्याही पुढे मिळतो. ट्रॅकवर याची कुणाला पर्वा नसते, कारण तिथे इंजिन सहसा इतकं खाली येत नाही. उलट मधला तो खड्डा गेला आणि ताकद एकसलग चढू लागली, की वळणातून बाहेर पडताना गाडी हातात राहते. तथ्य आहे ते इथे. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नव्या पेठेतून गाडी काढून पाहा. सगळा कारभार २,०००च्या खाली. तिथे ज्याला पिकअप हवा, तो स्वतःच्या हाताने तो घालवून बसलेला असतो.

‘सिक्वेन्शियल सिस्टीमच भंगार, माझदाने उगाच गुंतागुंत करून ठेवली’ हे मत मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. एफडीच्या इंजिनावर डझनावारी बारीक रबरी नळ्या, विद्युत झडपा, एक निर्वात टाकी आणि एक दाबाची टाकी असते. जपानी अभियंत्यांनी इतक्या झडपा दाबावर आणि निर्वातावर चालवल्या आणि त्या नव्या गाडीत बिनबोभाट चालल्याही. मोडतं ते रबर. टर्बोच्या शेजारी भाजून पंचवीस-तीस वर्षांत नळी कडक होते, चिरते, सांध्यातून निसटते. एक नळी गेली की दुसरा टर्बो येतच नाही किंवा भलत्या वेळी येतो, आणि मालक म्हणतो सिस्टीम बाद. वास्तविक हातपंपाने एकेक झडप तपासून सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घातल्या तर बहुतेक गाड्या पुन्हा नीट १०-८-१० दाखवतात. काम किचकट आहे, कंटाळवाणं आहे, हे मान्य. बरीच रूपांतरं वेगासाठी नव्हे, तर याच कंटाळ्यापोटी होतात. त्यात गैर काही नाही. कारण तेवढं खरं सांगावं.

‘झडपेला तार बांधली की झालं’ हा सल्ला स्वस्त असल्याने जास्त पसरतो. सुप्राच्या २जेझेड इंजिनात दुसऱ्या टर्बोच्या वाटेवर एक्झॉस्टकडे एक आणि हवेकडे एक अशा मुख्य झडपा आहेत. त्या उघड्या बांधून ठेवल्या की दोन्ही टर्बो कायम जोडीने चालतात, आणि उलटायचं असेल तर तार सोडायची. एफडीतही असं करतात, पण तिथे मॅनिफोल्डच्या आतली झडप आणि तिचा दांडा एक्झॉस्टच्या वाटेतच राहतात. म्हणून पक्कं काम करणारे मॅनिफोल्ड उतरवून ते काढतात आणि आतली वाट घासून मोकळी करतात. त्यातच मोकळा सायलेन्सर बसवला आणि वेस्टगेटचं (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या वाटेचं) भोक मूळचंच लहान राहिलं, तर दाब ठरल्या आकड्यावर न थांबता चढतच जातो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की ठोका (नॉक) बसतो. पिस्टनच्या इंजिनाला असा ठोका थोडाफार सोसतो, रोटरीला नाही. रोटरच्या टोकावरचं सील तुटलं की इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं.

दोन टर्बो दिसले की ते सिक्वेन्शियलच, हाही एक घोळ. भारतात २०१६च्या डिसेंबरमध्ये विक्रीला आलेल्या निस्सान जीटी-आरचे दोन टर्बो मुळातच समांतर आहेत, प्रत्येकाला तीन सिलिंडर. तिथे रूपांतर करायचं तरी कशाचं? बीएमडब्ल्यूच्या ‘ट्विनपॉवर टर्बो’ या पाटीमागे तर बहुतेक वेळा एकच टर्बो असतो. चाकणला जोडलेल्या मर्सिडीज ई २५० सीडीआयची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या २१४३ सीसी डिझेलमध्ये एक लहान आणि एक मोठा टर्बो एकामागे एक जोडलेले आहेत. मोठ्याने दाबलेली हवा लहान पुन्हा दाबतो. आधी लहान टर्बो मग मोठा, ही कल्पना लोक सुप्रालाही लावतात. पण सुप्राचे दोन्ही टर्बो जवळपास एकाच मापाचे. मर्सिडीजची जोडणी तार बांधून समांतर होत नाही.

आणि जे काम जपान्यांनी दोन टर्बोंनी केलं, ते आपल्याकडच्या डिझेल गाड्या एकाच टर्बोने करतात. पुण्यात बनलेल्या टाटा सफारीच्या पाठीवर व्हीटीटी अशी अक्षरं असायची. चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही५००लाही तसाच टर्बो. अशा टर्बोत टर्बाइनभोवतीची पाती कमी आरपीएमला मिटतात, वाट अरुंद करतात आणि थोड्याशा एक्झॉस्टवरही पंखा जोरात फिरवतात. पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच जास्त गरम असल्याने ही पाती तिथे टिकवणं फार काळ महाग आणि अवघड होतं. नव्वदच्या दशकात सुप्रा आणि आरएक्स-७ दोन टर्बोंच्या वाटेने गेल्या, त्यामागे हेही होतं.

‘अशी गाडी इकडे आणून बदल करू’ म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे एफडी किंवा जुनी सुप्रा या वाटेने येणार नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

त्यामुळे हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो तो न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा उजव्या स्टिअरिंगच्या देशांत स्थायिक झालेल्या आपल्या पोरांना, कारण तिथे या गाड्या विकत मिळतात. त्यांनी एफडी घेण्याआधी बूस्ट गेज लावून तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून पूर्ण रेस द्यावी. काटा १०-८-१० फिरला तर काहीही काढू नये. सुरुवातीला दाब नीट येतो पण ४,५०० ला पडतो आणि परत चढत नाही, तर दुसऱ्या टर्बोच्या नळ्या आणि झडपा आधी बघाव्यात. सुरुवातीपासूनच दाब उशिरा आणि सावकाश येत असेल, तर बहुधा आधीच्या मालकाने बदल केलेलाच आहे. मग बॉनेट उघडून तार शोधावी. तार सापडली तर सोडता येते. मॅनिफोल्ड आतून घासलेलं निघालं, तर मूळ जोडणीसाठी जुन्या गाडीवरून उतरवलेलं दुसरं मॅनिफोल्ड शोधावं लागेल, आणि ती किंमत सौदा करतानाच वजा करून घ्यावी.