पोर्टेबल ओपनएसएसएच

पोर्टेबल ओपनएसएसएच ही ओपनबीएसडी या संचालन प्रणालीसाठी लिहिलेल्या ओपनएसएसएच या मुक्त स्रोत कमांड-लाइन साधनसंचाची लिनक्स व अन्य प्रणालींवर चालणारी आवृत्ती होय. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी हा संच वापरतात. तो प्रथम डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत प्रसिद्ध झाला.

मूळ संकेत सुटसुटीत राहावा म्हणून इतर प्रणालींशी जुळवणी करण्याचे काम वेगळा गट करतो. त्याच्या आवृत्तीक्रमांकात ‘पी’ हे अक्षर असते. डेबियन १२ मधील ‘९.२पी१-२’ या पॅकेजात ९.२ ही मूळ आवृत्ती, पी१ ही पोर्टेबल, तर शेवटचा २ हा डेबियनच्या बांधणीचा क्रमांक आहे. पॅकेज बांधताना डेबियन स्वतःचे पॅचही जोडते.

असाच एक पॅच, हेतूने अगदी निरुपद्रवी, महागात पडू शकला असता. सेवा सुरू झाल्याचे सिस्टमडीला कळावे म्हणून डेबियनसह काही वितरणांनी ओपनएसएसएचच्या सर्व्हरला लिबसिस्टमडी ही लायब्ररी जोडली होती. तिच्यामागोमाग एक्सझेड प्रकल्पाची लिबएलझेडएमए येई. ओपनएसएसएचला स्वतःला तिची गरज नव्हती. एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा याच वाटेने सर्व्हरपर्यंत पोहोचत होता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघडकीस आणला, तेव्हा या आवृत्त्या डेबियनच्या स्थिर वितरणात आलेल्या नव्हत्या. जुलै २०२४ मधील ९.८ आवृत्तीपासून सिस्टमडीला सूचना देण्याची सोय लिबसिस्टमडीविना मूळ प्रकल्पातच आहे.