फज्रनंतरचा मास्क

घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. श्वास दहा-वीस सेकंद अडकला, हेही त्याला कळत नाही. कळतं ते शेजारी झोपलेल्या माणसाला. त्यामुळे झोपविकारांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न बरेचदा बायकोला असतो : ‘रात्री मध्येच श्वास थांबतो का हो यांचा?’ नवरा तोवर ‘मी काही घोरत-बिरत नाही’ असं सांगून मोकळा झालेला असतो.

झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार सौदी अरेबियात किती आहे, याचा एक चांगला अंदाज जेद्दातून मिळाला. 2013 ते 2015 दरम्यान 30 ते 60 वयाच्या 2,682 सौदी कर्मचाऱ्यांची पाहणी झाली आणि त्यातल्या काहींची रात्रभर तपासणी करण्यात आली. डॉ. सिराज वली आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आकडे प्रसिद्ध केले : पुरुषांत 12.8 टक्के, स्त्रियांत 5.1 टक्के. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी 2004 मध्ये मध्यमवयीन पुरुषांत 19.5 टक्के हा आकडा मांडला होता. पद्धती वेगळ्या असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून सामना लावण्यात अर्थ नाही, पण दुखणं दोन्हीकडे घरोघरचं आहे.

त्यावरचा हुकमी इलाज म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये पाच रुग्णांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याआधी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवावी लागे. सीपॅपमध्ये शस्त्रक्रिया नाही, औषधही नाही. छोटा पंखा हवेचा सौम्य दाब तयार करतो, त्या दाबाने घसा मिटत नाही आणि श्वास चालू राहतो. अडचण एकच. तोंडावर मास्क बांधून झोपायचं असतं. पहिले काही दिवस पुष्कळांना गुदमरल्यासारखं होतं आणि मशीन कपाटात जातं.

इथे जोडीदाराचं काम सुरू होतं. पण ‘लावा, लावा’ असा रोजचा धोशा म्हणजे मदत नव्हे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून अर्धा तास नुसताच मास्क लावायचा, मग मशीन चालू करायचं, आणि हे जमलं की मगच ते पलंगापर्यंत न्यायचं. ही सवय लावताना शेजारी कोणी असलं की बरं पडतं. मास्कचे पट्टे डोक्यामागून आवळताना दुसऱ्याचा हात लागतो, आणि हवा कुठून गळते तेही दुसऱ्यालाच आधी कळतं. दाट दाढी असली तर नाक-तोंड झाकणारा मास्क नीट चिकटत नाही. सौदीत हा प्रश्न नेहमीचा. अशा वेळी नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क बरा.

रियाधच्या हवेचा ताप वेगळा. वाळवंटी कोरडेपणा, वर रात्रभर चालणारा एसी. सकाळी घसा खरखरीत आणि नाक सुकलेलं. म्हणून हवा ओलसर करायला मशीनला पाण्याची टाकी असते. तीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पिण्याच्या पाण्याने तळाशी पांढरा थर बसतो. टाकीचा ओलाव्याचा आकडा फार वाढवला आणि एसी अगदी गार असला, की नळीत वाफेचं पाणी होतं आणि मध्यरात्री थेट नाकात ठिबकतं. नळीवर कापडी गवसणी चढवली, आकडा एकाने उतरवला, तर हा त्रास बहुधा थांबतो. धुळीच्या वादळानंतर फिल्टर पाहायलाच हवा.

पण सगळ्यात महत्त्वाची वेळ पहाटेची. फज्रच्या नमाजासाठी माणूस उठतो, मास्क काढतो, वजू करतो, नमाज पढून पुन्हा आडवा होतो. आता कशाला तो मास्क, तासा-दीड तासाचाच तर प्रश्न! नेमकी इथेच चूक होते. स्वप्नांची झोप, म्हणजे डोळे भराभर हलतात ती अवस्था, रात्रीच्या शेवटच्या भागात दाटलेली असते. तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास अडकण्याचे प्रसंग वाढतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत या अवस्थेतल्या अडथळ्यांचा उच्च रक्तदाबाशी संबंध आढळला आहे. ‘रात्री किमान चार तास’ हा रूढ निकष मशीनच्या नोंदीत पूर्ण झालेला दिसतो, पण जोखमीचे तास मास्कविनाच जातात. जाग दोघांनाही आलेली असते, तेव्हा मास्क हातात देणं ही जोडीदाराची खरी मदत.

रमजानमध्ये तर झोपेचं वेळापत्रकच उलटतं. तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर बाजार उशिरापर्यंत उघडे, मग सहरीचं जेवण, मग पहाटेची झोप आणि दुपारची डुलकी. रियाधच्या किंग सौद विद्यापीठातले डॉ. अहमद बाहम्माम यांनी या महिन्यातल्या झोपेचा बारकाईने अभ्यास केला आहे. झोपण्याची वेळ पुढे सरकते, हे त्यात दिसतं. झोपेचे तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याला मास्क हवा, दुपारच्या डुलकीलाही.

यात जोडीदाराचाही फायदा आहे. मेयो क्लिनिकने 1999 मध्ये दहा जोडप्यांची एकत्र तपासणी केली. रुग्णाला सीपॅप लावल्यावर शेजारच्या माणसाची झोप इतकी सुधारली, की हिशेबाने रात्रीमागे तासाभराची भर पडली.

सौदीत काम करणाऱ्या कितीतरी कोकणी माणसांना मात्र हा शेजार नाही. बायको खेडला किंवा श्रीवर्धनला, आणि हा कंपनीच्या खोलीत चौघांबरोबर. तिथे साक्षीदार असतो रूममेट. त्याने मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं. नुसतं ‘भाई, फार घोरतोस’ म्हणून उशी फेकण्यापेक्षा हे बरं.

आणि सुट्टीत गावी जाताना मशीन हातातल्या बॅगेतच असावं, टाकी रिकामी करून. बहुतेक मशीनं 100 ते 240 व्होल्टवर चालतात, लागतो तो फक्त प्लगचा अडॅप्टर. पावसाळ्यात कोकणात उतरल्यावर टाकीचा रियाधचा आकडा कमी करावा लागतो, आणि हे बटण कुठलं ते घरच्यांना आधीच फोनवर दाखवून ठेवलेलं बरं.