चार्जरचा प्लग तापतो तेव्हा

बॅटरीवरची स्कूटर आता आपल्या गावांतही दिसू लागली आहे. रात्री कामं आटोपली की चार्जर लावायचा आणि झोपायचं, ही अनेकींची रोजची सवय. पण सकाळी प्लग काढताना हाताला चटका बसतो का? सॉकेटभोवती काळपट डाग पडलाय का? करपल्यासारखा वास किंवा चरचर आवाज येतो का? यातलं एकही लक्षण दिसलं, तर त्या सॉकेटवर आज चार्जिंग लावू नका.

चार्जरचा डबा कोमट होणं साहजिक आहे. प्लग तापणं साहजिक नाही. बहुतेक वेळा त्याचं कारण असतं ढिला सांधा. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्या प्लगच्या पिना चिमट्यासारख्या धरतात. वापरून वापरून ही पकड सैल होते, नाहीतर मागचा वायरचा स्क्रू ढिला पडतो. हिशेब बघा. चार्जर ४ अँपिअर करंट घेतो असं धरू. सांध्यात अर्धा ओहम अडथळा आला, तर तिथं ८ वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत, चार-पाच तास! तापली की पट्टी आणखी सैल होते, आणि सैल झाली की आणखी तापते.

मग एमसीबी का पडत नाही? कारण करंट मर्यादेबाहेर गेला तरच तो पडतो. ढिल्या सांध्यानं करंट वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. म्हणून इथं पहारा आपल्यालाच ठेवायचा आहे.

आता दोष कुठं आहे ते शोधू. बटण बंद करा, प्लग गार होऊ द्या, मग काढून पिना बघा. एकच पिन काळी असेल, तर त्या बाजूची पकड किंवा स्क्रू ढिला आहे. दोन्ही पिना तापत असतील, तर ६ अँपिअरचा लहान पॉइंट, बारीक वायर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड, यांपैकी काही कारण असू शकतं. पिना स्वच्छ असतील, तर प्लग दुसऱ्या चांगल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला अर्धा तास लावून बघा. तिथं गार राहिला, तर दोष जुन्या सॉकेटात. पिना काळ्या असतील, तर मात्र तो प्लग दुसरीकडे लावूच नका.

दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा आणि या गोष्टी बघा.

पहिली, मेन स्विच बंद केला का? घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद हवा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून मग इथं लावायचा.

दुसरी, वायरचं टोक. करपलेला भाग कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं यायचं. सगळ्या तारा पिळून भोकात घालायच्या, स्क्रू घट्ट आवळायचा आणि वायर ओढून बघायची. मोठ्या पॉइंटला तांब्याची निदान अडीचची वायर असावी.

तिसरी, सॉकेट आयएसआय खुणेचं, १६ अँपिअरचं असावं. समोरून पाहता वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: सॉकेट बदललं, तर करपलेला प्लगही बदला. काळी पिन नव्या सॉकेटात घातली, की तेही काही दिवसांत करपू लागतं. पॉलिश पेपरनं पिना घासून भागत नाही, कारण तापलेल्या पट्टीचा ताण परत येत नाही. प्लग वायरला जोडूनच आला असेल, तर पूर्ण वायर सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्या. चार्जर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी जाग्या असतानाच चार्जिंग लावा. अर्ध्या तासानं बटण बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. पुढंही आठवड्यातून एकदा असंच बघत जा. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, म्हणजे ठिणगीनं पिना खराब होत नाहीत. आणि कधी धूर दिसलाच, तर पाणी टाकू नका. आधी मेन स्विच बंद करा.