मेंदूतला धूर

पक्षाघात म्हणजे म्हातारपणाचा, रक्तदाबाचा नाहीतर मधुमेहाचा आजार, असे आपण धरून चालतो. आजोबांचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर निदान सांगायला डॉक्टर लागत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलालाही पक्षाघात होऊ शकतो असे मी सांगतो, तेव्हा समोरचा माणूस अविश्वासाने पाहतो. मुलांमधील पक्षाघाताची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे विलक्षण आहे. त्याचे नाव मोयामोया.

हा जपानी शब्द. विडीचा धूर हवेत विरळ होत तरंगतो, तशा अस्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीला जपानी माणूस ‘मोयामोया’ म्हणतो. १९५७ मध्ये जपानमध्ये ताकेउची आणि शिमिझू या डॉक्टरांनी या आजाराचे प्रथम वर्णन केले. पुढे १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकू या दोघांनी त्याला हे नाव दिले. अँजिओग्राफीच्या फोटोत मेंदूच्या तळाशी त्यांना धुराच्या लोटासारखे काहीतरी दिसले होते.

तो धूर म्हणजे काय? मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रोहिणी मेंदूकडे जाते. मेंदूच्या पुढच्या व मधल्या भागाचा रक्तपुरवठा मुख्यतः या दोघींवर असतो. मोयामोयात या रोहिण्या कवटीच्या आत, जेथे त्यांना फाटे फुटतात नेमक्या तेथे, हळूहळू अरुंद होत जातात. येथे चरबी साचत नाही. रोहिणीचे आतले अस्तरच जाड होत जाते. त्यामुळे ‘डॉक्टर, तेलतूप बंद करू का?’ या नेहमीच्या प्रश्नाला येथे फारसा अर्थ उरत नाही.

मुख्य कालव्याचा दरवाजा उतरत चालला की शेतकरी मिळेल तेथून चारी फोडून पाणी घेतो. मेंदूही तेच करतो. तळाशी असलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्या रुंद होतात, वाढतात, त्यांचे जाळे तयार होते. अँजिओग्राफीत हेच जाळे धुरासारखे दिसते. म्हणजे ज्या धुरावरून आजाराला नाव पडले, तो धूर ही मेंदूने स्वतःच्या बचावासाठी केलेली धडपड आहे!

पण चारी ती चारीच. तिच्यातून पाणी पुरेसे येत नाही आणि लोंढा आला तर ती फुटते. मोयामोयाचा पक्षाघात या दोन्ही प्रकारांनी होतो. रक्त कमी पडले की मेंदूचा तो भाग उपाशी राहतो. लहान मुलांत बहुधा हेच घडते. उलट, वर्षानुवर्षे जादा ताण सोसलेल्या नाजूक वाहिन्या फुटल्या की मेंदूत रक्तस्राव होतो. हा प्रकार मोठ्या माणसांत अधिक दिसतो. आजार उघडकीस येण्याची वयेही दोन आहेत: एक पाच ते दहा वर्षांच्या सुमारास, दुसरे चाळिशीच्या आसपास. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो.

आता आईवडिलांसाठी महत्त्वाचे. मूल जोराने हमसून रडते आणि लगेच त्याचा एक हात गळतो, बोलणे अडखळते. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत! जपानी डॉक्टर सांगतात की गरम शेवयांवर फुंकर घालताना किंवा माऊथ ऑर्गन वाजवतानाही मुलांना असे होते. भराभर श्वास सोडल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. तुमच्या-माझ्या मेंदूत शिल्लक भरपूर असल्याने ते निभावते. या मुलांकडे शिल्लकच नसते. आपल्याकडे मात्र अशा वेळी ‘हट्टाने सोंग करतोय’ म्हणून मुलाला धपाटा मिळतो, नाहीतर दृष्ट काढली जाते. हात पुन्हा हलू लागला म्हणून धोका टळला, असे नाही. पुढचा झटका कायमचे अपंगत्व देऊ शकतो.

अशी शंका आली तर एम.आर.आय.मध्ये रक्तवाहिन्यांचेही चित्र घेता येते. निदान पक्के करण्यासाठी आणि शस्त्रक्रिया ठरवण्यासाठी पुष्कळदा अँजिओग्राफी करतात. अरुंद झालेली रोहिणी पुन्हा रुंद करणारे औषध आजही नाही. उपाय आहे तो शस्त्रक्रियेचा. कानाच्या किंचित पुढे बोट ठेवा, एक नाडी लागेल. टाळूच्या कातडीला रक्त देणारी ही रोहिणी शल्यविशारद मेंदूच्या रोहिणीला थेट जोडतात किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवतात. मग काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या मेंदूत उतरतात. लहान मुलांत ही दुसरी पद्धत चांगली लागू पडते. रक्तस्राव झालेल्या प्रौढांत शस्त्रक्रियेने पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण घटते, असे जपानमधील ८० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्व आशियातील अनेक रुग्णांत एका विशिष्ट जनुकातला दोष सापडतो. २०११ मध्ये तो उजेडात आला. पण तो दोष असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, म्हणजे कोडे पुरते सुटलेले नाही. सिकलसेल असलेल्या काही मुलांतही मेंदूच्या याच रोहिण्या अरुंद होऊन असेच जाळे दिसते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यातील पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

निदान झालेल्या मुलाला उन्हाळ्यात, तापात, जुलाबात पाणी कमी पडू देऊ नये. अंगातले पाणी आटले की मेंदूचा पुरवठा आणखी घटतो. अ‍ॅस्पिरिन पुष्कळ रुग्णांना दिली जाते, पण रक्तस्राव झालेल्याला ती घातक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नये. झटका येईल तेव्हा कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण करावे आणि मूल बरे दिसले तरी लगेच इस्पितळ गाठावे. डॉक्टरांपुढे पोहोचेपर्यंत मूल हसत-खेळत असते, तेव्हा ते अर्ध्या मिनिटाचे चित्रण फार उपयोगी पडते.