दारूभट्टी पाहायला पाहुणे का येतात? इंग्लंडच्या खेड्यापासून आपल्या मोहापर्यंत

(दिघोरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकून काही जण हसले, काही मावश्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन्ही बरोबर आहे. मी दारू प्या म्हणून सांगायला आलो नाही. एका गोष्टीकडे दोन देश किती वेगळ्या नजरेनं बघतात, तेवढं सांगणार आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथं हुक नॉर्टन नावाचं एक खेडं. या खेड्यात १८४९ पासून बिअर बनते. कारखाना म्हणजे बहुमजली मनोराच. धान्य एकदा वरच्या मजल्यावर चढवायचं, मग एकेक टप्पा आपोआप खाली उतरत येतो. पंप कमी लागतात, काम वजनाच्या जोरावर होतं. १८९९ सालचं वाफेचं इंजिन तिथं अजून जपून ठेवलंय. आणि गावातल्या दुकानांकडं पिंपं पोचवायला आजही मोठे शायर जातीचे घोडे जुंपतात. लोक तिकीट काढून हे बघायला जातात.

तिथं दाखवतात काय? बिअर कशी होते ते. ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुम्ही पऱ्हे टाकायच्या आधी धान भिजवून ठेवता, त्याला अंकुर फुटतो. तसंच तिथं जव भिजवून अंकुर आणतात आणि मग वाळवून भाजतात. अंकुर फुटताना दाण्यात असे रस तयार होतात, जे पिठुळपणाची साखर करू शकतात. मग तो दाणा भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा. गोड पाणी निघतं. ते हॉप नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, त्यानं कडवटपणा येतो. थंड झालं की यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. झाली बिअर. गंमत म्हणजे तिथले कारागीर साध्या पाण्याला ‘लिकर’ म्हणतात! पाहुणा आधी दचकतो, मग हसतो.

आता आपल्याकडं या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बायका-पोरं वाकलेली असतात. मोहाच्या फुलात साखर आधीच असते, अंकुर आणायची गरज नाही. फुलं वाळवली की वर्षभर टिकतात. ती भिजवून आंबवली आणि भट्टीत वाफ काढून थंड केली, की ती मोहाची दारू. म्हणजे फरक लक्षात घ्या: बिअर फक्त आंबवलेली असते, मोहाची ऊर्ध्वपातन केलेली. म्हणून ती कितीतरी कडक.

मग इंग्लंडच्या भट्टीला तिकीट आणि आपल्या भट्टीवर धाड, असं का? थोडा इतिहास बघा. इंग्रजांनी इथं अबकारी उत्पन्नासाठी घरोघरची गाळणी बंद केली, ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्या आणल्या. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहफुलांचा कायदा त्यासाठीच. ठाणे-कुलाब्यात फुलं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा झालं! म्हणजे ज्या फुलाची भाकरी होते, दुष्काळात जे पोट भरतं, तेच फूल गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधनं राहिली. महाराष्ट्र सरकारनं गोळा करण्याची, साठवण्याची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये.

इंग्रजांनी स्वतःच्या घरी काय केलं? २००२ पासून छोट्या भट्ट्यांना बिअरवरच्या करात सूट दिली. वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बनवणाऱ्याला तेव्हा निम्माच कर होता. खेड्यापाड्यांत छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या, पाहुणे आले.

आपल्याकडं हे होत नाही असंही नाही. नाशिकजवळ १९९९ मध्ये सुला सुरू झालं, २००५ मध्ये पाहुण्यांसाठी चाखण्याची खोली उघडली. आज द्राक्षबागा बघायला मुंबईहून गर्दी जाते. गोव्यात काजूची बोंडं तुडवून रस काढतात, पहिल्या गाळणीचा हुर्राक, पुढच्या गाळणीची फेणी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता काजूच्या हंगामात भट्टी दाखवायला पाहुणे नेतात. शेजारच्या मध्य प्रदेशात अलीराजपूर आणि दिंडोरी भागात आदिवासी बचत गट परवान्यानं मोहाची दारू बनवून बाटलीत भरतात.

मग दिघोरीत पाटी लावायची का? थांबा. ज्या मावश्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांचं ऐकायला पाहिजे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांनी, विशेषतः बायकांनी लढून आणली. आपल्या राज्यात गावातल्या बायकांना मतदानानं दुकान बंद करता येतं. उभी बाटली की आडवी, हे त्या ठरवतात. त्यांचा राग फुलावर नाही, पगार पिऊन घरी येणाऱ्यावर आहे. आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती मोहानं नाही, कारखान्यातल्या मेथॅनॉलनं. जिथं चोरून विकलं जातं तिथं काय मिसळलंय हे कोणी बघत नाही.

म्हणजे पाहुणे येण्याआधी तीन गोष्टी लागतात: परवाना, तपासणी, आणि पैसा फुलं वेचणाऱ्याच्या हातात. यांतली एक जरी नसली, तर ती सहल नाही, ठेकेदाराचं दुकान आहे. विनापरवाना गाळणं आजही गुन्हा आहे, हे विसरू नका.

पण सुरुवात दारूनं करायचीच कशाला? मोहाची वाळलेली फुलं, त्यांचे लाडू, बियांचं तेल, पहाटेची वेचणी हे सगळं दाखवण्यासारखं आहे. हुक नॉर्टनला लोक गिलासासाठी कमी, कारागिरी बघायला जास्त जातात. आपली कारागिरी पहाटे चार वाजता मोहाखाली सुरू होते. ती कोणी बघायला येण्याआधी आपण तिला मान देऊ या. आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मावश्यांचा.